हृदय कमजोर, किडनीही कमजोर. मग डायलिसिस कोणतं?

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा फोन कधी ना कधी येतो, ‘बाबांना डायलिसिस सांगितलंय.’ मला तो सांगलीहून आला. बाबांच्या हृदयाचं पंपिंग आधीच कमी, त्यात क्रिएटिनिन वाढत गेलेलं. पायांवर सूज, झोपलं की दम लागायचा.

हे दोन आजार एकमेकांना ओढतात. हृदय नीट पंप करत नाही, म्हणून किडनीला रक्त कमी पडतं आणि शिरांमध्ये दाब तुंबतो. किडनी मीठ-पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून हृदयावरचा भार वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही मग पुरेशा पडत नाहीत.

डायलिसिस म्हटलं की आपल्याला आठवतं ते हिमोडायलिसिस : आठवड्यातून 3 वेळा, साधारण 4 तास. दोन-तीन दिवसांचं साठलेलं पाणी तेवढ्या वेळात काढायचं म्हणजे बीपी पडू शकतो, आणि कमजोर हृदयाला ते झेपत नाही. शिवाय हातात फिस्टुला करताना रोहिणी थेट शिरेला जोडतात. त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं.

दुसरा मार्ग पोटाचा, पेरिटोनियल डायलिसिस. पोटात मऊ नळी बसवून तिच्यातून द्रव सोडतात आणि काही तासांनी काढतात. पोटातलं अस्तरच गाळणीचं काम करतं. हे घरी, रोज आणि सावकाश होतं, म्हणून हृदयाला धक्का कमी. पण स्वच्छतेत हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि द्रवात साखर असल्याने मधुमेहींना जपावं लागतं. सगळ्यांना हेच बरं, असं नाही.

भारत सरकारची डायलिसिस योजना 2016 मध्ये सुरू झाली ती हिमोडायलिसिसने. पेरिटोनियलसाठी मार्गदर्शक सूचना 2019 मध्ये आल्या. त्यामुळे हा पर्याय बऱ्याचदा आपणच विचारावा लागतो.

मी दोन्हींचे फायदे-तोटे एक्सेलमध्ये मांडले. बाबा म्हणाले, ‘‘आठवड्यातून तीनदा रिक्षाची धावपळ मला नको. पण पिशव्या कोण बदलणार, ते आधी तुझ्या आईला विचार.’’ खरा प्रश्न तोच होता. आईने नर्सकडून शिकायची तयारी दाखवली, तेव्हाच ठरलं.

तुमच्या घरी ही वेळ आली तर हृदयाच्या आणि किडनीच्या डॉक्टरांना एकाच कॉलवर घ्या. पाणी किती वेगाने काढणार, अंगात जादा पाणी नसतानाचं वजन किती धरलंय आणि डायलिसिस न करता फक्त त्रास कमी ठेवायचा ठरवलं तर काय, हे विचारा. आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, वजन वहीत लिहायला सांगा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.