रागाने वसुली होत नाही

मालेगाव असो वा भिवंडी, यंत्रमागाच्या धंद्याचे गणित आपल्या कारखानदार बांधवांना पाठ आहे. सूत घ्यायचे ते रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर. कापड जाते ते मात्र लांब उधारीवर. मधल्या काळात वीजबिल थांबत नाही आणि मजुरी तर मुळीच थांबत नाही. पैसे पुढे ढकलणाऱ्या व्यापाऱ्यासमोर कारखानदाराला हसून बोलावे लागते. मग तोच राग घेऊन तो कारखान्यात येतो आणि कापडातील एखाद्या दोषावरून कारागिराला चारचौघांत वाटेल ते बोलतो. बारा बारा तास मागांच्या खडखडाटात उभा असलेला कारागीर मालकाला उलट उत्तर देऊ शकत नाही. त्याचा राग घरी बायकामुलांवर निघतो. ज्याच्याकडे येणे आहे, त्याच्यापर्यंत मात्र हा राग कधी पोचतच नाही.

या रागाची नोंद खतावणीत होत नसली, तरी तो नुकसानीच्याच बाजूला मांडावा लागेल. अपमान झालेला कसबी कारागीर शेजारच्या कारखान्यात जातो आणि नवा माणूस मिळेपर्यंत माग बंद राहतात. भरल्या दुकानात बोललेल्या एका शब्दाने वर्षानुवर्षांची भागीदारी तुटते. "रागावल्याशिवाय कामगार ऐकत नाहीत," असे अनेकजण म्हणतात. पण भ्यालेला कामगार चूक सुधारत नाही, लपवतो. दोष ताक्याच्या घडीत जातो, व्यापाऱ्याकडे उघडा पडतो आणि बिलातून पैसे कापले जातात.

कुरआनात राग गिळून लोकांना क्षमा करणाऱ्यांची प्रशंसा आली आहे, हे आपण सारे जाणतो. प्रेषित (स.) यांनी न्यायाधीशाला रागाच्या भरात निवाडा करण्यास मनाई केली, हेही हदीसमध्ये आहे. दुकानाचा मालकही दिवसभर लहानमोठे निवाडेच करीत असतो. कोणाला ठेवावे, कोणाला काढावे, कोणाचा माल परत करावा. ही शिकवण गल्ल्यावर बसतानाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु जाणणे वेगळे आणि ऐनवेळी जमणे वेगळे. येथेच समुपदेशनाचा उपयोग होतो. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेडेपणाचा शिक्का, हा गैरसमज आपल्या मोहल्ल्यांत अजून आहे. हिशेबासाठी आपण वकील-सीएचा सल्ला घेतो, तसाच हा मनाच्या कारभाराविषयीचा मशवरा आहे. समुपदेशक उपदेश करीत नाही, प्रश्न विचारतो. राग कोणत्या वेळी येतो? त्याआधी काय घडले होते? झोप किती झाली, जेवण वेळेवर झाले का? काही दिवस या गोष्टी वहीत लिहून ठेवावयास तो सांगतो. अशा नोंदीतून पुष्कळदा दिसते की, राग कारागिराच्या चुकीचा नसून सकाळी आलेल्या बँकेच्या फोनचा होता. मग राग चढण्याची खूण ओळखणे, त्या क्षणी जागेवरून उठणे, वुजू करणे, बोलणे दुसऱ्या दिवसावर ढकलणे, याचा सराव होतो. हे एका भेटीत होत नाही; काही आठवडे द्यावे लागतात.

ही विद्या आपल्याला परकी नाही. इ. स. 934 मध्ये निधन पावलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. मनाच्या विकारांत त्यांनी राग, भीती, दुःख व वसवसा यांचा विचार केला. घरात औषध आधीच आणून ठेवावे, तसे शांत वेळी चांगले विचार मनात साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला होता.

समुपदेशनाने थकलेले पैसे मिळत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण राग कोणता आणि हक्क कोणता, हे डोके थंड असल्यावर कळते. हक्कासाठी कायदा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, लेखी करार असला तरी खरेदीदाराने सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी माल देण्यापूर्वीच 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. कायद्यात विलंबाबद्दल व्याजाची तरतूद आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी मुद्दल तरी सोडू नये.

मदत कोठे मिळते? केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठी व हिंदीसह अनेक भाषांत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागातही चौकशी करावी. भिवंडीकरांना ठाण्याची, 1990 मध्ये स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था जवळ आहे. मात्र झोप पार उडाली असेल, हात उगारला जात असेल, नशेची सवय लागली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे.

आमची कारखानदार व व्यापारी संघटनांना सूचना आहे की, महिन्यातून एकदा तरी समुपदेशकास बोलवावे. बैठकीत मालकांबरोबर कारागिरांनाही जागा असावी, कारण मालकाचा राग शेवटी त्यांच्याच घरापर्यंत पोचतो.