दिलेले निवृत्तिवेतन परत मागितले जाते तेव्हा

महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी निवृत्तिवेतन खात्यात जमा होते. वृद्ध गृहस्थ पासबुक भरून घेण्यासाठी बँकेत जातात आणि नेहमीच्या आकड्याच्या जागी पुष्कळच लहान आकडा छापून आलेला पाहतात. खिडकीपलीकडच्या कारकुनाला त्याचे कारण ठाऊक नसते. वरच्या कार्यालयातून तसे आले आहे, एवढेच तो सांगू शकतो. काही आठवड्यांनी, कधी बऱ्याच महिन्यांनी, एक पत्र येते. अमुक सालापासून आपणांस चुकीने जादा रक्कम दिली गेली असून ती दरमहा हप्त्याने वसूल करण्यात येत आहे, असे त्यात लिहिलेले असते. हिशेबाचा कागद बहुधा सोबत नसतो. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारी पैशाचा हिशेब चोख ठेवला, त्याला आपण सरकारचे ऋणको झालो आहोत हे अशा रीतीने कळते.

या प्रकरणात जे विवेचन केले आहे, ते नियमानुसार ठरलेले निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्यांपुरते आहे. केंद्र सरकारच्या नागरी सेवेत १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांसाठी अंशदानावर आधारलेली निराळी व्यवस्था आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा पत्रात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंफलेले असतात. मागे दिलेली रक्कम खरोखरच जादा होती काय, हा पहिला. होती असे धरले तर यापुढचे निवृत्तिवेतन कमी करता येईल काय, हा दुसरा. आणि जे पूर्वीच दिले गेले व खर्चूनही गेले, ते परत मागता येईल काय, हा तिसरा. यांची उत्तरे एकच नसतात. पुढच्या रकमेची दुरुस्ती करण्याचा अधिकार न्यायालयांनी सरकारला सहसा नाकारलेला नाही. मागील रक्कम वसूल करण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी वारंवार हात रोखून धरला आहे. निवृत्तांचा बराचसा मनस्ताप हे प्रश्न वेगळे न केल्यामुळे होतो. काही जण सगळेच नाकारतात, तर काही जण घाबरून सगळेच कबूल करतात.

चुका कोठे होतात हे पाहिले म्हणजे पहिल्या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. सर्वांत जुनी जागा म्हणजे वेतननिश्चिती. वेतन आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या, बढती मिळाली किंवा वेतनश्रेणी बदलली की प्रत्येक वेळी कार्यालयातील लिपिक कोष्टके पाहून नवे वेतन ठरवितो. त्यात एखादी वेतनवाढ जादा धरली गेली, तर ती पुढे वर्षानुवर्षे वाढत जाते. सेवापुस्तक बारकाईने तपासले जाते ते बहुधा निवृत्तीच्या वेळी. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची चूक नेमकी त्याच वेळी उजेडात येते आणि उपदान अडकून पडते.

दुसरी जागा बँकेची. अंशराशीकरण, म्हणजे बोलभाषेत ज्याला पेन्शन विकणे म्हणतात, त्यात मूळ निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो व तेवढा भाग पंधरा वर्षे दरमहा कापला जातो. समजा, मूळ निवृत्तिवेतन ३०,००० रुपये आहे व १२,००० रुपयांचा भाग विकला आहे. कापण्याची नोंद बँकेच्या यंत्रात करावयाची राहून गेली, तर वर्षाला १,४४,००० रुपये जादा जात राहतात. कुटुंब निवृत्तिवेतनात याहूनही नाजूक प्रकार घडतो. निवृत्त व्यक्तीच्या मृत्यूनंतर पत्नीला किंवा पतीला प्रथम वाढीव दराने रक्कम मिळते. मृत्यूपासून सात वर्षे, किंवा मृत व्यक्तीचे वय ६७ झाले असते ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तेथपर्यंत हा दर चालतो. त्यानंतर तो अखेरच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतो. अखेरचे वेतन ४०,००० असेल, तर वाढीव दर २०,००० आणि साधा दर १२,००० धरावा. ठरलेल्या तारखेला दर बदलला गेला नाही आणि सहा वर्षांनी हे लक्षात आले, तर महागाईवरील वाढ सोडूनही ५,७६,००० रुपयांची मागणी त्या विधवेपुढे उभी राहते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात ती तारीख लिहिलेली असते हे खरे. परंतु तो कागद किती घरांत पेटीबाहेर काढला जातो?

कधी कधी जादा रक्कम दिलीच गेलेली नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०२० साली असेच एक प्रकरण आले. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, वयाची पंचाऐंशी वर्षे गाठलेल्या एका गृहस्थांच्या निवृत्तिवेतनातून बँकेने परस्पर कपात सुरू केली होती. त्यांचे निवृत्तिवेतन बरोबर ठरविले आहे, असे ज्या खात्याने ते ठरविले त्याचेच म्हणणे होते. बँकेला निवृत्तिवेतन ठरविण्याचा किंवा आपल्या मताने ते कमी करण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि बँकेवर ५०,००० रुपयांचा खर्च बसविला. पुढे २१ जानेवारी २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने अशा वसुलीविषयीची आपली आधीची परिपत्रके मागे घेतली व वसुलीच्या पद्धतीबाबत निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून मार्गदर्शन घ्यावे, असे बँकांना कळविले. बँकेच्या घाईचे कारणही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. चूक बँकेची असेल तर जादा गेलेली रक्कम तिने सरकारला ताबडतोब एकरकमी भरावी, निवृत्तांकडून ती येण्याची वाट पाहू नये, असा दंडक आहे. त्यामुळे पुष्कळदा बँक सरकारचे नव्हे, तर स्वतःचे पैसे मागत असते.

निवृत्तिवेतन म्हणजे सरकारने खुशीने दिलेली बक्षिसी नव्हे, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका प्रकरणात १९७१ साली ठरविले. १७ डिसेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात त्याच भूमिकेचा सविस्तर पुरस्कार केला. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तांच्या संघटना अजूनही पाळतात. पुढे झारखंडच्या एका प्रकरणात २०१३ साली निवृत्तिवेतन ही संविधानाच्या अनुच्छेद ३००-कच्या अर्थाने मालमत्ता असून कायद्याच्या आधारावाचून ती काढून घेता येणार नाही, असे सांगितले गेले. ज्या कपातीला नियमाचा आधार दाखविता येत नाही, ती कपात टिकत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

केंद्रीय नियमांत हा आधार मुळातच संकुचित ठेवलेला आहे. १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत जी तरतूद होती, तीच २०२१ च्या नव्या नियमांत राहिली आहे. एकदा अंतिमतः मंजूर झालेले निवृत्तिवेतन, लेखनिकी चूक आढळल्यावाचून, निवृत्ताच्या तोट्याचे होईल असे बदलता येत नाही. ही चूक मंजुरीनंतर दोन वर्षे उलटून गेल्यावर सापडली असेल, तर कार्यालयप्रमुखाने निवृत्तिवेतन विभागाची संमती घेतली पाहिजे. जादा गेलेली रक्कम परत मागावयाची झाल्यास तशी नोटीस देऊन दोन महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. त्यानंतरच हप्त्याने कपात करता येते. पासबुकातील घटलेला आकडा हीच ज्याला मिळालेली पहिली सूचना असेल, त्याच्या बाबतीत हा क्रम मोडला गेला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

नोटिशीचे महत्त्व केवळ औपचारिक नाही. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १९७० साली १९० रुपये ठरले होते. सुमारे वीस वर्षांनी, १९९१ साली, ते १८१ असावयास हवे होते असे ठरवून मागील तारखेपासून कमी करण्यात आले. फरक दरमहा नऊ रुपयांचा. पण त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती, एवढ्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तो आदेश रद्द केला.

आता तिसरा प्रश्न. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या काही कर्मचाऱ्यांचे प्रकरण न्यायालयापुढे आले होते. १९७३ पासून त्यांना चुकीने वरची वेतनश्रेणी मिळत होती व १९८४ साली ती मागील तारखेपासून उतरविण्यात आली. श्रेणी उतरविणे न्यायालयाने मान्य केले, परंतु अकरा वर्षांत दिलेली रक्कम परत घेऊ नये, असे बजावले. कारण चूक कर्मचाऱ्यांची नव्हती. २००६ सालच्या दुसऱ्या एका निकालात यामागील विचार अधिक स्पष्टपणे आला आहे. सामान्य नोकर मिळालेले वेतन आपले समजून संसारात खर्चून टाकतो. पुष्कळ काळानंतर ते परत मागितले तर त्याची ओढाताण होते, आणि ही ओढाताण टाळण्यासाठी न्यायालय आपला विवेक वापरते. हा समन्यायाचा भाग आहे, कर्मचाऱ्याचा निरपवाद हक्क नव्हे, हेही तेथे सांगितलेले आहे. २०१२ साली उत्तराखंडच्या शिक्षकांच्या प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू उचलून धरली. पैसा करदात्यांचा आहे, तो चुकीने गेला असेल तर परत आला पाहिजे, असे ते म्हणणे. या म्हणण्यातही तथ्य नाही असे कोण म्हणेल?

या दोन टोकांमध्ये सध्याचा तोल १८ डिसेंबर २०१४ च्या निकालाने साधला. भिंतींना सफेदी देणाऱ्या पंजाबातील एका कामगाराच्या, रफीक मसीह यांच्या नावाने तो ओळखला जातो. वर्ग तीन व वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून तसेच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून वसुली करू नये, असे त्यात म्हटले आहे. जादा रक्कम आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल, किंवा वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्याचे वेतन दिले असेल, तरीही वसुली होऊ नये. यांखेरीज, जेथे वसुली अतिशय कठोर वा अन्यायाची ठरेल, तेथे ती थांबविण्याचा अधिकार न्यायालयाने आपल्याकडे ठेवला. केंद्र सरकारने २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने हे सर्व खात्यांना कळविले. मात्र वसुली माफ करण्यासाठी खर्च विभागाची मान्यता आवश्यक ठेवली. केरळमधील एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तोच मार्ग धरला.

तथापि या निकालाला दोन मर्यादा आहेत. ज्याने खोटी माहिती देऊन रक्कम मिळविली, त्याला त्याचा आसरा नाही. दुसरी मर्यादा हमीपत्राची आहे. वेतन सुधारताना 'जादा रक्कम मिळाल्यास परत करीन' असे ज्याने लिहून दिले, तो त्याने बांधला जातो, असे २९ जुलै २०१६ रोजी हरियाणाच्या एका निवृत्त न्यायाधिकाऱ्याच्या बाबतीत ठरले. तेथेही वसुली दोन वर्षांच्या हप्त्यांत करावी, असे न्यायालयाने सांगितले. असा मजकूर बँकेतून निवृत्तिवेतन घेताना भरावयाच्या अर्जातही असतो. कायदा जाणणाऱ्या न्यायाधिकाऱ्याची सही आणि छापील कागदावर दाखविलेल्या जागी केलेली शिपायाची सही या एकाच मापाने मोजणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. परंतु आज सरकारी खाती बहुधा याच निकालावर बोट ठेवतात, हे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

तेव्हा पत्र हाती पडताच काय करावे? प्रथम, काहीही लिहून देऊ नये. 'रक्कम हप्त्याने कापण्यास माझी संमती आहे' अशा अर्थाचा कागद बँक पुढे करते. त्यावर सही झाली की पुढची वाट अरुंद होते. त्यानंतर लेखी मागणी करावी: चूक कोणत्या तारखेची, ती कोणी केली, कोणत्या नियमाखाली वसुली होत आहे आणि महिनावार हिशेब काय. हे पत्र बँकेला पाठवावेच. पण त्याची प्रत निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला व लेखा कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवावी, कारण आकडा ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. कागद मिळाले नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली केंद्रीय कार्यालयात दहा रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. सेवापुस्तकाची व वेतननिश्चितीच्या तक्त्याची प्रत अशीच मागावी.

हिशेब आल्यावर तो निवृत्तिवेतनाच्या आदेशाशी ताडून पाहावा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी गावातील निवृत्तांच्या संघटनेकडे जावे. तेथे हिशेब विभागातून निवृत्त झालेला एखादा जाणकार हमखास भेटतो आणि अशा कामात त्याला आनंदच वाटतो. चूक खरी निघाली, तर पुढची दुरुस्ती मान्य करून मागील वसुली माफ करण्याचा अर्ज द्यावा. त्यात आपला वर्ग, निवृत्तीची तारीख, चुकीला झालेली वर्षे, आपण काही लपविले नव्हते ही गोष्ट, औषधोपचारांचा खर्च व अवलंबून असलेली माणसे यांचा उल्लेख असावा. कपात सुरूच राहिली, तर 'हरकत कायम ठेवून' ती सोसत आहोत, असे लेखी कळवावे.

उत्तर नकाराचे आले, तर केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांना केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहावी. त्यानंतरचे एक वर्ष मुदत म्हणून धरले जाते. सैनिकांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. राज्याच्या कर्मचाऱ्यांना, महाराष्ट्रासारखे राज्याचे न्यायाधिकरण असेल तेथे त्याच्याकडे, अन्यथा उच्च न्यायालयाकडे जावे लागते. अर्जासोबतच वसुलीला स्थगिती मागावी. निकालाला वर्षे लागू शकतात, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाच्या दृष्टीने स्थगिती हाच पुष्कळदा खरा निकाल असतो.