पहिला उपचार निष्फळ ठरल्यावर

तीव्र रक्तवाहिनीदाहाच्या, म्हणजे रुग्णालयात आपण ज्याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतो त्याच्या, चिकित्सेचा पूर्वेतिहास वाचकांस परिचित असल्यामुळे, १९५८ साली वॉल्टन यांनी त्यातीलच एका, वेगेनर व्याधीच्या, रुग्णांस सरासरी अवघे पाच महिने आयुष्य उरते असे नोंदविले आणि १९७३ मध्ये फॉसी व वुल्फ यांनी सायक्लोफॉस्फमाइड देऊन त्या निकालास स्थगिती मिळविली, एवढे स्मरण देऊन मी थेट त्या प्रसंगाकडे वळतो, जेथे ते औषध आणि स्टेरॉइड दोन्ही देऊनही लघवीतील रक्त थांबत नाही आणि आप्तांस काय सांगावे हा प्रश्न वैद्यापुढे उभा राहतो.

येथे रिटुक्सिमॅबचे स्थान आता निर्विवाद आहे. २०१० च्या रेव्ह चाचणीत, रोग उलटलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत ६७ टक्के त्या औषधाने निवळले, सायक्लोफॉस्फमाइडने ४२ टक्के. आणि हैदराबादेत २००७ सालीच त्याची देशी आवृत्ती निघाली होती, हे आपले भाग्य. इम्युनोग्लोब्युलिन व नवे अवाकोपान यांचा नामोल्लेख पुरे. मात्र प्रत्येक बिकट रुग्णाचा रक्तद्रव बदलावा असा हट्ट धरणाऱ्या विद्वानांशी माझे कधीच जुळले नाही. २०२० च्या पेक्सिव्हास चाचणीत, ७०४ रुग्णांत, त्या खटाटोपाने मृत्यू वा मूत्रपिंडाचा अंतिम ऱ्हास लक्षणीय घटला नाही. उलट स्टेरॉइडची मात्रा लवकर उतरविली तरी गुण तितकाच येतो आणि गंभीर जंतुसंसर्ग कमी होतात, हे त्याच चाचणीने दाखविले.

परंतु औषध बदलण्याची तजवीज करण्यापूर्वी पहिले औषध खरोखरच हरले काय याची शहानिशा व्हावी, हा माझा जुना आग्रह आहे, आणि त्यासाठी माझी सर्वाधिक भिस्त सकाळच्या ताज्या लघवीवर आहे. कचारगड डोंगराच्या पायथ्याकडील एक गोंड बाई एका मोठ्या रुग्णालयातून ‘औषध लागू नाही’ असा शेरा घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘लघवी लालच होते ना जी, डॉक्टर.’’ नमुना फिरवून तळचा थेंब काचेवर घेतला, प्रकाश मंद केला, आणि शोधशोध शोधले, तरी मूत्रपिंड जळत असताना दिसणारे तांबड्या पेशींनी भरलेले दंडाकार साचे कोठेच नव्हते. पेशींचे आकारही शाबूत होते, आणि क्रिएटिनिन स्थिर होते. सिकलसेल या भागात विरळ नाही व त्यातही साच्यांवाचून रक्त जाते, म्हणून ती तपासणी केली. ती निर्दोष निघाली. मूत्राशयात दुर्बीण घातली तेव्हा सायक्लोफॉस्फमाइडनेच आतले अस्तर पोळलेले आढळले. रोग शमला होता, आणि आणखी दोन मात्रा देण्याची शिफारस तिच्या कागदावर होती!

आज तरुण वैद्य छापील अहवाल वाचतात. नमुना दुपारपर्यंत पडून राहतो, साचे विरघळतात, आणि यंत्र निर्विकारपणे ‘आढळले नाहीत’ असे कळविते. याचा मला खेद होतो. तीच गत फुप्फुसातील पोकळीची: क्षयात एएनसीए ही व्हॅस्क्युलायटिसची रक्तचाचणी कधीकधी सकारात्मक येते, आणि उलट वेगेनरच्या रुग्णास क्षयाच्या गोळ्यांवर महिनोन्महिने ठेवले जाते. भाताच्या बांधीत अनवाणी राबणाऱ्यांच्या आतड्यात स्ट्राँजिलॉइड्स कृमी असू शकतो व स्टेरॉइडने तो सर्वांगात पसरतो. यकृतदाह ‘ब’ रिटुक्सिमॅबने उफाळतो. या तपासण्या बदलीच्या औषधाआधी व्हाव्यात.

आणखी एक अडथळा दप्तरी लबाडीचा नव्हे, बेफिकिरीचा आहे. माघ पौर्णिमेस कचारगडला कोयापुनेम या गोंडी धर्माच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो. नेमक्या त्याच आठवड्यात नागपूरला मात्रा मुक्रर होते, रुग्ण येत नाही, आणि कागदावर ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले जाते. तारीख घालण्यापूर्वी रुग्णास विचारावे, दरेकसाहून सकाळची गाडी कोणती सापडते तेही टिपून घ्यावे, आणि सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयात एक चांगला सूक्ष्मदर्शक व लघवी पाहणारा एक शिकलेला माणूस कायम ठेवावा, अशी माझी मागणी आहे.