पेशीतलं संपादन – भाग ६ : एका अक्षरावर टिकलेलं दार

मोटर न्यूरॉन आजार झालेल्या माणसाची जनुकतपासणी केली, तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. एएलएस हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. त्यातल्या साधारण दहापैकी नऊ रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणाला झालेला नसतो. जनुकं शाबूत, तरी मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. या कोड्याचा एक धागा आरएनएत सापडतो.

मागच्या भागात ॲडार ही विकरं पाहिली. आरएनएतल्या ॲडेनोसिनचं इनोसिन करणारे हे पेशीतले मुद्रितशोधक. रायबोसोम ते इनोसिन ग्वानोसिन समजून वाचतो. आता चेतापेशीवरचे ॲम्पा ग्राहक घ्या. ग्लुटामेटचा संदेश हेच झेलतात. त्यांच्या ग्लुए२ या घटकाच्या जनुकात एका जागी ग्लुटामिनचा संकेत आहे, पण तयार प्रथिनात तिथे आर्जिनिन निघतं. १९९१ साली हायडेलबर्गमध्ये पीटर झेबुर्ग यांच्या गटाने ही तफावत पकडली. प्रौढ मेंदूत ॲडारपैकी ॲडार२ हे विकर त्या जागचं आरएनएतलं अक्षर जवळजवळ प्रत्येक प्रतीत बदलतं. आर्जिनिनवरचा धनभार कॅल्शियमला बाहेरच थोपवतो. गंमत म्हणजे, जनुकातच थेट आर्जिनिनचा संकेत घातलेले उंदीरही ठणठणीत जगतात. मग निसर्गाने हा द्राविडी प्राणायाम का ठेवला, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

२००४ साली टोकियोतल्या युकिओ कावाहारा आणि शिन क्वाक यांनी एएलएसने दगावलेल्या रुग्णांच्या मज्जारज्जूतून लेझरने एकेक मोटर न्यूरॉन वेगळा काढला. निरोगी माणसांच्या मोटर न्यूरॉनमध्ये ही दुरुस्ती शंभर टक्के झालेली होती. रुग्णांच्या पेशींत मात्र कुठे पूर्ण, कुठे अर्धवट, तर कुठे अजिबात नाही. चेतापेशी मारणाऱ्या दुसऱ्या एका आजाराच्या रुग्णांत, लहान मेंदूतल्या पुर्किंये पेशींत सारं ठीक होतं.

पण मरणाऱ्या पेशीत बऱ्याच गोष्टी बिघडतात. ही चूक कारण की परिणाम? याच गटाने २०१० मध्ये उंदरांच्या मोटर न्यूरॉनमधून ॲडार२ काढून टाकलं. पेशी हळूहळू मरू लागल्या. जनुकातच आर्जिनिन असलेल्या उंदरांत मात्र ॲडार२ नसूनही त्या वाचल्या. म्हणजे घात त्या एकाच अक्षराने केला होता. आणखी एक: डोळे हलवणारे न्यूरॉन दुरुस्ती न होताही टिकले. एएलएसच्या रुग्णांतही शेवटपर्यंत बहुधा नजरच साथ देते, आणि म्हणून नजरेवर चालणारे संगणक त्यांच्या कामी येतात. त्या न्यूरॉनमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिनं अधिक असतात.

तरीही यालाच एएलएसचं मूळ म्हणायची घाई मी करणार नाही. एसओडी१ जनुकातल्या दोषाने आजारी पडणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांत ही दुरुस्ती नीट होते. तिथे पेशी वेगळ्या वाटेने मरतात. ॲम्पा ग्राहक रोखणारं पेरॅम्पॅनेल हे फिट्सवरचं औषध जपानमध्ये रुग्णांना देऊन पाहिलं, पण फायदा दिसला नाही. मला यात फार नवल वाटत नाही. हे औषध दुरुस्त आणि नादुरुस्त ग्राहकांत फरक करत नाही, आणि चांगले ग्राहक तर स्नायू चालवायला हवेतच. नेमका इलाज म्हणजे ॲडार२चं काम पुन्हा सुरू करणं. उंदरांत विषाणूवाहकाने ते जनुक पोचवून हे साधलंही आहे.

पुढच्या आठवड्यात आरएनएवरच्या मिथाइल खुणा, आणि त्यांना चिकटणारं टीडीपी-४३ हे प्रथिन.