धमनीत उतरलेला प्रकाश

आम्ही कविमंडळींनी हृदयावर भरपूर लिहिलं. काळीज हा शब्द तर इतका वापरला, की काळीज म्हणजे यकृत हे मटणवाल्याला ठाऊक असतं, आम्ही मात्र विसरलो. खऱ्या हृदयाच्या धमन्या आतून कशा असतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही थोरल्या भावामुळे.

भाईजान लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी टॅक्सी चालवली. गेल्या वर्षी परळच्या एका इस्पितळात त्यांची अँजिओग्राफी चालू असताना डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "एका जागी अडथळा आहे, पण तो कशाचा हे नीट कळत नाही. आतून प्रकाशाने पाहू या का? ओसीटी म्हणतात त्याला. खर्च वेगळा येईल." पुतण्या माझ्याकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. आम्ही हो म्हटलं. आपण कशाला हो म्हटलं, हे डॉक्टरांनी नंतर निवांत समजावलं. ते आपल्यालाही कधी उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

अँजिओग्राफीत धमनीत डाय सोडून क्ष-किरणांनी चित्र घेतात. त्यात दिसतो तो डायचा प्रवाह. धमनीची भिंत दिसत नाही. चाळीतल्या नळाची धार बारीक झाली, तर पाइप कुठेतरी तुंबलाय एवढं कळतं. आत गंज आहे की गाळ, ते धारेवरून सांगता येत नाही. तसंच हे.

भिंत पाहायची तर आत उतरायला हवं. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली मोजतात. ओसीटीत आवाजाऐवजी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. पण प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. त्याचा 'प्रतिध्वनी' कुठल्या घड्याळाने मोजणार? म्हणून एका किरणाचे दोन करतात. एक आरशाकडे, दुसरा धमनीच्या भिंतीकडे. परत आल्यावर दोघांचा मेळ कसा बसतो, यावरून खोली काढतात. या पद्धतीचा पहिला शोधनिबंध १९९१ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीत ती आज सर्रास वापरतात.

हृदयासाठी हा प्रकाश एक मिलिमीटरहून बारीक कॅथेटरमधून धमनीत नेतात. रक्त प्रकाश अडवतं, म्हणून काही क्षण डाय सोडून ते बाजूला सारतात. तेवढ्यात आतला तंतू गरागरा फिरत मागे खेचला जातो आणि चित्र तयार होतं. १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा तपशील त्यात दिसतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. धमनीच्या आत करायच्या सोनोग्राफीपेक्षा हे चित्र सुमारे दहापट बारीक असतं. मात्र प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही.

भाईजानच्या धमनीत कॅल्शियमचं कडं निघालं. तसाच स्टेंट घातला असता तर तो पुरता फुलला नसता. म्हणून आधी ते कडं फोडलं, मग स्टेंट बसवला आणि तो भिंतीला नीट टेकला का, हे पुन्हा प्रकाशानेच तपासलं.

याच परळला, केईएममध्ये, १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. तेव्हा हृदयावरच्या शस्त्रक्रियेसाठी छाती उघडावी लागे. आता मनगटातून प्रकाश जातो.

पण प्रत्येकाला हे लागतं का? २०२३ मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. धमनीला फाटा फुटतो तिथल्या अडथळ्यांवर ओसीटी वापरून स्टेंट बसवले, तेव्हा दोन वर्षांत गंभीर त्रास १०.१ टक्के रुग्णांना झाला. न वापरता १४.१ टक्क्यांना. दुसऱ्या अभ्यासात ओसीटीमुळे स्टेंट अधिक फुलले, पण हृदयविकाराने मृत्यू, झटका आणि पुन्हा करावी लागणारी प्रक्रिया यांच्या एकत्रित आकड्यात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे गुंतागुंतीच्या काही जागी उपयोग दिसतो, सगळीकडे तितका नाही. शिवाय डाय जास्त लागते, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर जपावं लागतं. सरकारने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, पण त्या मर्यादेत ही तपासणी येत नाही.

तेव्हा ठरवून अँजिओग्राफीला जाणार असाल, तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा: आतून पाहायची वेळ आली तर ती कशासाठी? त्याने उपचारात काय बदलेल? खर्च किती? मूत्रपिंडाला झेपेल का? भरोसा डॉक्टरांवर ठेवायचाच असतो. पण तो समजून ठेवला, तर बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही.