दात, चहा आणि बावीस तास
तिशी उलटल्यावर दात सरळ करायचे, तेही कुणाला न दिसता? आयडिया सॉलिड आहे. पण ‘परवडेल का?’ याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला. तीनशेच्या वर फोटो, पण एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत! सगळं खानदान खळखळून हसतंय आणि मी आपला ओठ मिटून उभा, जणू तहसील कचेरीत सातबारा काढायला आलोय.

कारण सिंपल आहे. माझा वरचा एक सुळा शेजारच्या दातावर चढून बसलाय. आणि खालचे चार दात म्हणजे सोमवारी सकाळची वडूज-सातारा एसटी, कुणालाच सरकायला जागा नाही. लहानपणी यावर काही इलाज असतो हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. ‘दातावर दात हाय, नशीबवान हाय पोरगं,’ असं म्हणून आजीनं विषय मिटवला होता.

पुढे इंजिनीअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. रोज स्वतःचंच तोंड स्क्रीनवर बघायचं! अशात एक दिवस लंच टाइमला शेजारच्या मैत्रिणीनं तोंडातून काचेसारखं काहीतरी काढून डबीत ठेवलं. ‘अलाइनर आहेत. सात महिने झाले.’ सात महिने शेजारी बसून मला पत्ता नाही? झालं, मी तिथेच फ्लॅट!

हा फंडा आहे तरी काय?

अलाइनर म्हणजे तुमच्या दातांच्या मापाचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. दातांचं थ्रीडी स्कॅन करतात, कोणता दात कुठे न्यायचा ते कॉम्प्युटरवर ठरतं आणि त्याप्रमाणे ट्रेंची अख्खी मालिका तयार होते. एक ट्रे साधारण एक ते दोन आठवडे वापरायचा. तेवढ्यात दात जास्तीत जास्त पाव मिलिमीटर सरकतो. मग पुढचा ट्रे.

गंमत म्हणजे दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा पक्का नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं. सतत हलका दाब दिला की पुढच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं तयार होतं. हे तिशीतही होतं आणि पन्नाशीतही. फक्त हिरड्या आणि हाड धड हवं.

ही आयडिया ज्यांनी बाजारात आणली ते दोघं डेंटिस्ट नव्हतेच. स्टॅनफर्डमध्ये एमबीए केलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी 1997 मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. चिश्तींनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. नंतरचा रिटेनर लावायचा राहिला की दात हलायचे आणि परत लावला की जागेवर यायचे. मग अशा ट्रेनीच दात का सरकवू नयेत, असं त्यांच्या डोक्यात आलं. 1998 मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली आणि ‘इनव्हिजलाइन’ आलं.

‘फोटो पाठवा, किट घरी येईल’

मी नेटवर दोन क्लिक काय केले, एका कंपनीचे फोन सुरू झाले. ‘सर, फोटो पाठवा, ईएमआय आहे, आज बुक केलं तर डिस्काउंट.’ जवळजवळ बुक केलंच होतं. मैत्रीण म्हणाली, ‘अरे वेडा आहेस का, आधी डॉक्टरला तरी दाखव.’

तिचं बरोबर होतं. डॉक्टरला प्रत्यक्ष न भेटता घरपोच अलाइनर देणारी ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ ही अमेरिकेतली बडी कंपनी सप्टेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरमध्ये बंद पडली. ट्रीटमेंट अर्धवट असलेले ग्राहक तसेच लटकले.

मग पुण्यातल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. मॅडमनी एक्स-रे काढला, हिरड्या तपासल्या आणि आधी तिथेच टोकलं. ‘दाटीमुळे ब्रश पोचत नाही, म्हणून रक्त येतंय. पहिलं क्लीनिंग. सरळ दात हे दिसण्यापुरतंच नसतं.’ मग म्हणाल्या, ‘तारा किंवा अलाइनर, दोन्हीनं होईल. वरून सुळा खाली ओढणं अलाइनरला जरा जड जातं, त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतील. पण मला एक सांगा, दिवसातून चहा किती वेळा घेता?’

मी हसलो (ओठ मिटून). त्या हसल्या नाहीत.

वडूजचा चहा

अलाइनर दिवसातले 20 ते 22 तास तोंडात हवा. खाताना काढायचा आणि साध्या पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचा. गरम चहानं प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. साखर आत अडकली तर दात किडतो. म्हणजे हातात उरले दोन तास. त्यात नाश्ता, दोन जेवणं, सगळे चहा आणि दर वेळी चूळ किंवा ब्रश.

मी आठवडाभर मोबाइलवर टायमर लावला. खाण्याला दिवसाला सुमारे दीड तास. ऑफिसचे चार चहा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. अडीच तास झालेसुद्धा!

मग दिवाळीला वडूजला गेलो. पहिल्या घरी चहा-चकली, दुसऱ्या घरी चहा-लाडू. तिसऱ्या घरी ‘नको’ म्हणालो तर काकू म्हणाल्या, ‘आमच्यातला चा नगं व्हय? पुण्याचाच झालास की रं!’ घेतला. संध्याकाळपर्यंत चार तास भरले आणि मी टायमर बंद करून टाकला.

रात्री अण्णांना आकडा सांगितला. अलाइनरचे एक लाख साठ हजार, तारांचे साठ हजार. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘हायेत तेच दात सरळ करायचं आन् एवढं पैसं? दोन म्हशी येत्यात की!’ आई मात्र हळूच म्हणाली, ‘फोटोत तू हसत न्हाईस, ते मला ठावं हाय. कर काय करायचं ते.’

त्या एका वाक्यानं माझं ठरलं. गाव माझे दात तीस वर्षं बघतंय. आईला तर मी ओठ मिटतो तेही दिसतं. मग मी लपवतोय कुणापासून?

मी तारा लावल्या. दिसतात? चांगल्या ठळक दिसतात! ऊस, फुटाणे बंद, कडक भाकरी दुधात कुस्करून आणि घासताना जाम वेळ. पण काढता येत नाहीत, म्हणून मला चीटिंग करता येत नाही. माझ्यासारख्याला हेच बरं. मैत्रिणीचे दात अलाइनरनं मस्त झाले, कारण ती दिवसातून दोनच कॉफी पिते आणि घड्याळ पाळते.

परवा वडूजला गेलो तर आठवीतला पुतण्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याच्याही दातांना तारा. ‘काका, तुमालापण?’ म्हणाला आणि आम्ही दोघं दात काढून हसलो. वहिनींनी फोटो काढला. अल्बमला एक तरी मिळाला!

ठरवण्याआधी एवढं करा

- आठवडाभर टायमर लावा. खाणं-पिणं दोन तासांत बसतं का ते बघा.
- हिरड्यांतून रक्त येत असेल, दात किडले असतील तर आधी ते उपचार.
- ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, एक्स-रे काढा.
- पॅकेजमध्ये जादा ट्रे, हरवलेला ट्रे आणि रिटेनर धरलेत का, ते लेखी घ्या.
- रिटेनर दोन्ही प्रकारांत लागतोच, आणि रात्रीचा तर वर्षानुवर्षं. नाहीतर दात परत मूळ गावी!
- बजेट टाइट? कराड, सांगली, पुणे, मुंबईत डेंटल कॉलेजं आहेत. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथली फी आधी विचारून बघा.