ल्हासा अप्सो : तिबेटी विहारांचा छोटा पहारेकरी

शहरातल्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचा ठरला की अनेक कुटुंबांच्या यादीत ल्हासा अप्सोचे नाव असते. लांब केसांचा, लहानखुरा, दिसायला अगदी खेळण्यासारखा. पण हा कुत्रा खेळणे म्हणून कधीच पाळला गेला नव्हता. तिबेटमधील बौद्ध विहारांत आणि घरांत तो शतकानुशतके पहाऱ्याचे काम करीत आला. त्याचा स्वभाव त्या कामातून घडला आहे. तो समजून न घेता त्याला घरी आणले की त्याचे हाल होतात. म्हणूनच त्याची ही ओळख करून देत आहोत.

उगम

ल्हासा ही तिबेटची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,650 मीटर उंचीवर वसलेली. तिथली थंडी कडक, हवा कोरडी आणि वारा बोचरा. अशा प्रदेशात पहाऱ्याची दोन कामे दोन कुत्र्यांकडे असत. दाराबाहेर धिप्पाड तिबेटी मास्टिफ बांधलेला असे. आत असे छोटा अप्सो. त्याचे कान फार तिखट. अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकून सर्वांना सावध करी.

तिबेटी बौद्ध परंपरेत हिमसिंह हे निर्भयतेचे प्रतीक आहे. तिबेटच्या ध्वजावरही दोन हिमसिंह आहेत. सोनेरी केसांचा अप्सो सिंहासारखा दिसतो, म्हणून त्या रंगाला विशेष मान मिळाला.

मृत लामांचा आत्मा या कुत्र्यात येतो, अशीही एक कथा सांगितली जाते. भगवान बुद्धांनी अनात्मवाद शिकवला. त्यामुळे ही लोककथा आहे, धम्माची शिकवण नव्हे, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

हा कुत्रा विकण्यापेक्षा सन्मानाने भेट देण्याची तिबेटमध्ये रीत होती. 1933 मध्ये तेराव्या दलाई लामांनी अमेरिकन प्रवासी सायडम कटिंग यांना अप्सोची जोडी भेट दिली. 1935 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये तो त्याआधीच, ब्रिटिश अधिकारी एरिक बेली यांच्यामार्फत 1920 च्या दशकाच्या अखेरीस पोहोचला होता.

रूप

खांद्यापर्यंत उंची साधारण 25 ते 28 सेंटिमीटर, वजन 5 ते 8 किलो. शरीर उंचीपेक्षा लांब. शेपटी पाठीवर वळलेली. डोळ्यांवर केसांची झालर, तोंडाला दाढीमिशा. केस सरळ, जड आणि थोडे राठ. रेशमासारखे मऊ नव्हेत. थंडी, वारा आणि धूळ यांपासून हेच केस त्याचे रक्षण करीत. सोनेरी, मधासारखा, राखाडी, काळा, पांढरा, तपकिरी असे अनेक रंग आढळतात.

शित्झू आणि अप्सो यांत अनेकांची गल्लत होते. शित्झू चीनच्या राजवाड्यात वाढलेला आणि चपट्या तोंडाचा. अप्सोचे नाक त्याहून लांब असते.

स्वभाव

घरच्यांशी प्रेमळ, पाहुण्यांशी सावध. हुशार, पण आपल्या मर्जीचा. हुकूम ऐकेल, पण त्याला पटला तर! बेल वाजली की तो भुंकणारच. त्याबद्दल त्याला मारणे म्हणजे शेकडो वर्षांच्या इमानाची शिक्षा देणे होय. लहानपणापासून माणसांची आणि इतर कुत्र्यांची सवय लावली, शांतपणे शिकवले, तर तो छान रुळतो. लहान मुलांनी ओढाताण केलेली मात्र त्याला खपत नाही.

आपली जबाबदारी

तिबेटच्या थंडीसाठी बनलेला हा देह आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापतो. फिरवणे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच, आणि पाणी कायम हाताशी. लांब केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर गुंता होऊन कातडीला जखमा होतात. ते जमणार नसेल तर केस आखूड ठेवावेत. डोळे आणि मूत्रपिंड यांचे काही आजार या जातीत आढळतात. तो 12 ते 15 वर्षे जगतो, म्हणजे आज पहिलीत असलेले मूल कॉलेजात जाईपर्यंत तो घरात असेल.

मागणी वाढली की कोंडवाड्यासारख्या जागेत माद्यांची वारंवार वीण करून पिल्ले विकली जातात. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घ्यायचेच असेल तर नोंदणी पाहा आणि त्याची आई कशा स्थितीत आहे तेही डोळ्यांनी पाहा.

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत सत्तवणिज्जा, म्हणजे सजीवांचा व्यापार, सांगितला आहे. घरातून सोडून दिलेले अप्सोही आता प्राणी निवारागृहांत दिसतात. दारावर पाऊल वाजले की तेही कान टवकारतात. आम्हाला वाटते, विकत घेण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे.